खंडेनवमी आणि लेकीचं ग्राफिक्स कार्ड

त्या खंडेनवमीला मी देवाशी उभा दावा मांडला होता. वीस वर्षं चाकणच्या कंपनीत फिटर आहे. दर खंडेनवमीला मशीन पुसून, हार घालून मगच घरी येतो, एकदाही नागा नाही. आणि त्याच देवाने, त्याच्याच पूजेच्या तयारीत, माझ्या लेकीच्या तोंडचा घास काढून घ्यावा? मी देवापुढे हात जोडलेच नाहीत. तुझं तू बघ, म्हटलं.

झालं होतं ते असं. लेक ॲनिमेशन शिकलेली. नोकरीच्या चाचणीसाठी तिला दसऱ्याच्या दुपारपर्यंत एक छोटी फिल्म पाठवायची होती, आणि ते सगळं काम कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डावर चालायचं. पूजेसाठी तिचंही हत्यार स्वच्छ हवं म्हणून मी शेजारच्या गॅरेजमधून कॉम्प्रेसर आणला आणि कॅबिनेट उघडून हवा मारली. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी आधी काढून टाकायचं असतं, हे मी कंपनीत नव्या लोकांना शिकवतो. मीच विसरलो. हवेबरोबर पाण्याचा फवारा कार्डावर बसला. वरवर पुसून चालू केलं, तर कार्डातून ठिणगी उडाली आणि ते बंद पडलं. लेक आली तेव्हा मी व्होल्टेजवर ढकलून मोकळा झालो. तिने फोनवर चाचणीची मुदत पुन्हा एकदा वाचली. चार शब्द बोलली असती तर मला कमी लागलं असतं.

कार्ड घेऊन पिंपरीत गेलो, तर तिथल्या दोन दुकानांतही मी तेच खोटं सांगितलं. दोघांनीही न उघडताच निकाल दिला, व्होल्टेजने चिपच गेली असणार, नवं घ्या. नवं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा एका अनोळखी रिक्षावाल्याने आपणहून विचारपूस केली आणि भोसरीत कारखान्यांतल्या मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणाऱ्या एका ताईंकडे नेऊन सोडलं.

ताई लातूरकडच्या, माझ्याच वयाच्या. टेबलावर सगळी हत्यारं झेंडूत मांडलेली. आज हत्यार उचलत नाही, उद्या या, म्हणाल्या. माझं डोकं फिरलं.

"ताई, देवाने बिघडवलं ते आजच. मग नीटही आजच करू दे त्याला."

"देवानं काय केलं, ते तरी सांगा की," त्या शांतपणे म्हणाल्या.

खोटं ओठावर तयार होतं. पण समोर हळदीकुंकू वाहिलेली हत्यारं होती, आणि माझी जीभ रेटेना. कॉम्प्रेसर, पाणी, लेकीला मारलेली थाप, सगळं सांगून टाकलं.

"मग चिप कशाला जाईल? पाण्यानं शॉर्ट झालं असंल." त्यांनी झेंडू बाजूला सारला. पूजेचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मोडकं हत्यार पुजत नसतेत, दादा. आधी ते नीट करू."

सोल्डरिंग गन कपाळाला लावून त्यांनी काम सुरू केलं. कार्ड उघडून धुतलं, वाळवलं, जळालेला एक बारीकसा भाग बदलला. दिवस मावळायच्या आत कार्ड चालू झालं.

याला कुणी चमत्कार म्हणावं, कुणी म्हणू नये. मी वाद घालत नाही. शरण जायचं म्हणजे मान तुकवायची, असं मला वाटायचं, आणि ते माझ्या स्वभावात नाही. देवाला मी आजही जाब विचारतो. पण त्या दिवशी त्याने माझ्याकडून फक्त माझी चूक कबूल करून घेतली, आणि मग वाट दाखवली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

घरी येऊन लेकीला खरं सांगितलं आणि कार्ड तिच्या हातात ठेवलं. म्हटलं, तूच बसव, मी आता हात लावत नाही. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"तुम्हीच बसवा, बाबा."