ट्रॅक्टर काढणार नाही

सुलेखा राठोडचं डोकं एकदा फिरलं की फिरलं, हे तिच्या नवऱ्याला पक्कं ठाऊक. अभय जहाजावर इंजिनियर. वर्षातले सहा महिने मी समुद्रावर असतो म्हणून संसार टिकलाय, असं तोच हसत सांगतो. सिंगापुरात वुडलँड्समधल्या त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसायला जागा कमी आणि कापडं फार. आणि बाई शिवते तरी काय, तर बर्फाच्या गोळ्यासारख्या उशा, आरसे लावलेला प्रेशर कुकर, कवड्यांची मिशी असलेला एसटीचा कंडक्टर. बघणारा आधी हसतो, मग जवळ जाऊन टाके बघत राहतो. टाका बंजारा तांड्यावरचा. खडूची रेघ न मारता, कापडाचे धागे मोजत जायचं.

शिकवला आईनं. सोनाबाई बीडकडची, ऊसतोडीला जायची आणि उरलेल्या वेळात घागरे टाक्यांनी भरायची. व्यापारी ते स्वस्तात उचलून शहरात विकायचा, आणि कुणी केले हे कुठल्याच दुकानात लिहिलेलं नसायचं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तशीच, बिननावाची. सुलेखाला हे अजून डाचतं.

म्हणून इथं भारतीय कलाकुसरीचं प्रदर्शन भरवणाऱ्या सरोजिनीताईंनी त्यात मधली मोठी भिंत देऊ केली तेव्हा तिनं सात महिने मान वर केली नाही. जांभळ्या कापडावर ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, अगदी वर मोळ्यांवर बसलेली आई आणि तिच्या डोळ्यांवर आरशांचा गॉगल.

सरोजिनीताई मूळच्या पुण्याच्या. आल्या, चहा घेतला, कापड पाहिलं.

“सुंदर गं. फक्त तो ट्रॅक्टर काढ. बैल घाल, बंजाऱ्यांना बैल शोभतात.”

“आम्ही ट्रॉलीवर वाढलो, ताई.”

“आणि चहाच्या पाण्यात बुडवून घे, म्हणजे जुनं दिसेल. कार्डावर ‘अज्ञात बंजारा कारागीर’ लिहू. लोकांना ते भावतं.”

आता बोला. जिच्या हातचा चहा पिताय, ती अज्ञात!

“अज्ञात कशी?” सुलेखा म्हणाली. “तुम्ही माझ्याच घरात बसलाय.”

“मनाला लावून घेऊ नकोस. अशी भिंत परत मिळायची नाही.”

मिळणार नव्हतीच. दहा वर्षं ती अशाच भिंतीची वाट बघत होती. तरी तिनं कापडाची घडी घातली.

“राहू दे मग भिंत. ट्रॅक्टर काढणार नाही आणि नावही काढणार नाही.”

ताई गेल्यावर ती रडली, संतापानं. रविवारी सकाळी मात्र तिनं ते अख्खं कापड बांबूच्या काठीला लावलं आणि खिडकीबाहेर सोडलं. सगळी बिल्डिंग तिथंच धुणं वाळत घालते. हिला कोण अडवणार?

खाली माणसं थांबायला लागली. मोबाइल वर झाले. भाजी घेऊन निघालेल्या शेजारच्या मलय काकूंनी मान मागे टाकून इंग्रजीत विचारलं, “हे कुणी केलं?”

सुलेखा खिडकीतून वाकली. “सोनाबाई राठोडच्या मुलीनं. सुलेखानं.”

“ऐकू नाही आलं लाह,” काकू सिंगापुरी लकबीत ओरडल्या, “पुन्हा सांग.”

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी आणखी मोठ्यानं, आणि आईचं नाव दोनदा.