‘अंगणातले तुकडे’ या गाण्यामागची गोष्ट

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आता तुम्ही हसाल — कारण माझं पोटच गोष्टी सांगण्यावर आहे. मी गाणी लिहितो, स्वतःच गातो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये गिटारची तार पिळत पिळत पुढच्या गाण्यामागची गोष्ट सांगतो. लोक गाण्याइतकेच त्या गोष्टीसाठी येतात. खरं सांगू? जास्त करून गोष्टीसाठीच येतात. माझ्याकडून एखादा शब्द राहिला तर पुढच्या रांगेतलं कुणीतरी तो मोठ्यानं भरून देतं.

तरी ही एक राहिली. राहिली म्हणजे — मी ठेवली. 

तुम्ही माझं ‘अंगणातले तुकडे’ ऐकलं असेल. नसेल तरी बिघडत नाही, गाणं साधंच आहे. एक पोरगा आपल्या अंगणात बसून फुटलेल्या वाद्याचे तुकडे वेचतोय, एवढंच. ‘वेचतो मी तुकडे, सूर अजून ओला’ ही ओळ आली की लोक मोबाईलचे दिवे वर धरतात. आणि गाण्याआधी मी जे सांगतो ते असं, की माझ्या वडिलांनी माझी पहिली गिटार फोडली होती. यंत्रमागावरचा माणूस, रागीट, गाण्याचा वैरी. एवढं सांगून मी थोडा थांबतो. कुठं थांबायचं ते मला आता बरोबर कळतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. इचलकरंजीत ते जॉबर होते — म्हणजे माग बिघडला की तो उघडून चालू करून देणारा माणूस. सगळी उमर त्या खडखडाटात गेली आणि कान गेले. कारखान्यात कान सगळ्यांचेच जातात, त्यामुळं तिथं कुणी ओरडत बसत नाही. समोरासमोर उभं राहायचं आणि नुसते ओठ हलवायचे. दोन माग सोडून उभा असलेला माणूस ओठ बघून ओळखतो, आज डब्यात काय आहे ते. घरीही आमचं तेच. आबांशी बोलायचं तर उजेडात, तोंडासमोर यायचं. आई तर त्यांच्याशी बोलताना आवाज काढायचंच विसरली होती. नवीन माणसाला वाटायचं, ह्या घरात भांडण झालंय.

आबा स्वतः मात्र मोठ्यानं बोलायचे. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? हे मुद्दाम सांगतोय. पुढं लागेल.

पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली कोल्हापुरात, राजारामपुरीत. एका क्लासचा हॉल रविवारी रिकामा असायचा, तिथं आम्ही नवे गाणारे जमायचो. माझ्याआधी एक मुलगी गायली. तिनं आपल्या गेलेल्या आईची गोष्ट सांगितली, तीही खरी, आणि अर्धा हॉल डोळे पुसत होता. मग मी उभा राहिलो. माझ्याकडं गाणं होतं, गोष्ट नव्हती. मागून कुणीतरी विचारलं, “दादा, ह्याच्यामागं काय गोष्ट हाय?” उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो, माझ्या वडिलांनी माझी गिटार फोडली होती.

हॉल गप्प झाला. तसली शांतता मला त्याआधी कधी मिळाली नव्हती. मग गायलो, आणि मग टाळ्या. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ना? माझ्या कपाळी टाळ्या आल्या. गोटा बसला तो दुसऱ्याला.

एकदा सांगून मी थांबलो असतो तर? थांबलो नाही. दर कार्यक्रमात गोष्ट वाढत गेली. आधी नुसती फोडली होती, मग दारू आली — आबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. मग पट्टा आला. मग एक वाक्य आलं, “गाण्यानं पोट भरतंय व्हय रे?” हे वाक्य आबा कधीच बोलले नाहीत, ते मी बसवलं. आणि म्हणताना मी आबांचा आवाज काढायचो. तोच, बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज. लोक आधी हसायचे, मग एकदम गप्प व्हायचे. लई छान जमायचं मला ते.

लोकांचे मेसेज यायचे. माझेही वडील असेच, दादा तुमच्यामुळं धीर आला. गडहिंग्लजच्या एकानं लिहिलं की हे गाणं ऐकल्यापासून मी बापाशी बोलणं सोडलंय. मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. वर एक लाल बदामही. काय म्हणायचं असेल मला त्यातून? काहीच नाही. पुढचा मेसेज उघडायचा होता, बस्स.

मग आबा कार्यक्रमाला यायला लागले. कोल्हापुरात मोठा हॉल मिळाला की इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एसटीनं यायचे आणि पहिल्या रांगेत बसायचे. ऐकू तर काही येत नव्हतं. शेजारचे टाळ्या वाजवायला लागले की तेही वाजवायचे, आणि शेजारचे थांबले तरी थोडा वेळ वाजवतच राहायचे. सुरुवातीला ते असले की मी ते गाणंच टाळायचो. पण एकदा लोक ओरडायला लागले — तुकडे, तुकडे, गोष्ट सांगा. आबा हसत माझ्याकडं बघत होते. मी माईक ओठांना लावला, पार चिकटवला, तोंड झाकलं जाईल असा. मान थोडी वळवली. आणि त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. दारू, पट्टा, तो आवाज, सगळं.

आबांनी टाळ्या वाजवल्या.

ते माईक धरणं पुढं माझी लकब म्हणून गाजलं. पोरं तसा माईक धरून फोटो काढतात.

आता ते सांगतो, ज्याच्याभोवती मघापासून घिरट्या घालतोय. गिटार आबांनी फोडली नाही. मी फोडली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायला उभा राहिलो, दुसऱ्या कडव्याला शब्द विसरलो, पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणी अडवलं नाही, कुणी हिसकावली नाही, काही झालं नाही — मी विसरलो, इतकंच. घरी आलो आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ती गिटार आपटली. फुटेपर्यंत आपटली. आई दारात उभी होती, तिनं बघितलं.

ती गिटार आबांनीच आणली होती. मी मागितलीही नव्हती, नुसती एका दुकानाच्या काचेपाशी उभा राहिलो होतो. एसटीत मांडीवर घेऊन आले, कुणाला तिला टेकू दिलं नाही. त्या दिवशी पाळी संपवून ते घरी आले, अंगणात बघितलं, डबा खाली ठेवला आणि उकिडवं बसून तुकडे गोळा करायला लागले. माझ्यावर ओरडले नाहीत. का फोडलीस, हेसुद्धा विचारलं नाही. मग कितीतरी दिवस सरस लावून, सुतानं बांधून ती जोडत बसले. जोडली. आवाज जरा बसका झाला, पण वाजायला लागली. माझी पहिली सगळी गाणी त्याच गिटारवर झाली. मी वाजवताना आबा समोर बसायचे आणि लाकडावर तळहात ठेवायचे. चालत्या मागावर ठेवतात तसा. त्यांचं ऐकणं ते तेवढंच होतं. मी थांबलो की मान हलवून म्हणायचे, “आजून वाजीव की.”

म्हणजे गाण्यात तुकडे वेचणारा तो पोरगा मी नाहीच. ते वेचणं आबांचं. मी ते उचललं, स्वतःच्या अंगावर चढवलं, आणि माझं फोडणं त्यांच्या अंगावर टाकलं.

इथं थांबलो असतो तरी पाप कमी नव्हतं. पण अजून आहे.

मधुरा नावाची एक मुलगी गाण्यामागच्या गोष्टींचे व्हिडिओ करायची. तिला आमच्या घरात, त्या अंगणात शूटिंग करायचं होतं. वडिलांना माफ केलंत का, यावर तिला काहीतरी हवं होतं. मी हो म्हणालो. कसा म्हणालो? हिशेब सोपा होता — आबांना ऐकू येत नाही, ती जे विचारेल ते मीच त्यांना सांगणार, म्हणजे मला हवं ते सांगणार. तिला तसं बजावून ठेवलं होतं.

पण पोरगी चांगल्या घरची. मोठ्या माणसाशी बोलताना मध्ये तिसरा नको, असं तिला वाटलं असेल. तिनं आबांच्या पाया पडून खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसली आणि त्यांच्याकडं बघत सावकाश, स्पष्ट विचारलं, “आबा, तुम्ही दादाची गिटार का फोडली होती?”

आबांनी तिचे ओठ वाचले. मग माझ्याकडं बघितलं. स्वयंपाकघराच्या दारातून आई पुढं आली, “अवो, तुमी कुटं —” एवढंच म्हणाली. आबांनी तिच्याकडं न बघता हात वर केला.

“व्हय,” ते म्हणाले. “मीच फोडली. डोस्कं फिरलतं माझं.” मग कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं वळून हात जोडले. “चुकलं रं पोरा.”

सगळं तिथंच संपवता आलं असतं. मी नुसतं “न्हाय आबा” म्हणायला हवं होतं. आवाजही काढायची गरज नव्हती, ओठ हलवले असते तरी त्यांना पोचलं असतं. मी काय केलं? कॅमेरा कुठं आहे ते बघितलं. आणि मग आबांना मिठी मारली. त्यांच्या अंगाला मागाच्या तेलाचा वास येत होता, जॉबरच्या अंगाला निवृत्तीनंतरही येतो तो. ते माझ्या पाठीवर थोपटत होते. मधुरा रडत होती. माझा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच.

तो गावभर फिरला. आबा संध्याकाळी जुन्या जॉबर लोकांबरोबर चहाच्या गाड्यावर बसायचे. तिथं चेष्टा सुरू झाली — “काय जॉबर, पोराची गिटार फोडलीसा व्हय? आमच्या मागाला तर कवा हातोडा मारला न्हाईसा!” आबा हसायचे म्हणे. मग हळूहळू जायचे थांबले. विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे. माझ्या कार्यक्रमांना यायचंही थांबलं. मला बरंच वाटलं. हेही लिहून ठेवतो, मला बरं वाटलं.

त्यांनी तसं का म्हटलं, हे मी कधी विचारलं नाही. अंदाज सगळ्यांनाच येईल. चार लोकांत पोरगा खोटा पडू नये, दुसरं काय असणार? पण हे माझ्या तोंडून बोलायचं धाडस मला झालं नाही, आणि त्यांनी विषय काढला नाही. त्यानंतर मी घरी गेलो की आम्ही तिघं मूग गिळून बसायचो. वेळ होती. भरपूर वेळ होती. रोज सकाळी उठून मी ती घालवत होतो.

आबा गेले ते झोपेतच. माझ्या चाहत्यांनी फुलं पाठवली, लांबलांबून माणसं आली. त्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं — देव त्यांना क्षमा करो, तुम्ही केलीत तशी. मी ते वाचलं आणि एकालाही उत्तर दिलं नाही. दहाव्याच्या दिवशी आमच्या लांबच्या एक मावशी आईशेजारी बसल्या होत्या. माणूस गेल्यावर काहीतरी बोलावं लागतं म्हणून त्या मला म्हणाल्या, “तुजं आबा लई तापट हुतं म्हण की?”

आईनं माझ्याकडं बघितलं. ती रडत नव्हती. नुसती बघत होती, ओठांकडं. खोलीत बाहेरचं कुणी नव्हतं. कॅमेरा नव्हता, टाळ्या नव्हत्या, माझं नाव जायची भीती नव्हती. आबाही नव्हते. खरं सांगून काय गेलं असतं माझं?

“होते जरा,” मी म्हणालो.

आई उठून आत गेली. पुन्हा गिटारचा विषय नाही, आबांचाही नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. मी महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडं जातो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी चप्पल काढली, तिनं मान वर केली, मला ओळखलं, तरी ओळखीचं काहीच नसल्यासारखं बघितलं आणि परक्या माणसासमोर करतात तसा पदर सारखा केला.

“या पावणं,” ती म्हणाली. “आलाईसा तर जेवून जावा.”

तिनं ताट वाढलं. मी बसलो आणि जेवलो.