धाकट्या जावेचं बारीक होणं

धाकटी जाऊ बारीक होत चालली होती आणि मी तिच्यावर जळत होते. आता झाकून काय ठेवायचं!

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी रोह्याला, पुलापलीकडच्या अष्टमी भागात एकाच घरात नांदत होतो. घरातलं शिवण माझ्याकडे. दोन बाळंतपणांनी माझी कंबर पसरलेली, आणि हिचे ब्लाउज मात्र मी वर्षात तीनदा आत घेतले. दीर टँकरवर ड्रायव्हर. पंधरा-पंधरा दिवसांनी यायचे ते हिच्यासाठी बांगड्या, पावडर घेऊन. माझा नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून यायचा तो थेट आडवा व्हायचा. मशीनवर बसले की माझा तिळपापड होई.

मग तिला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. तोंडात पांढरा थर, आमटीचा घास घेतला तरी डोळ्यांत पाणी. अंगावरून पांढरं जाणं थांबेना. धुण्यात मला दिसायचं. कामं टाळायची नाटकं, असं मी मनात म्हणायचे.

त्यातच पाठीवर नागीण उठली. सासूबाई स्वतः रोज गेरू उगाळून लावायच्या. माझ्या बाळंतपणात या बाईने मला तेलाचं बोट लावलं नव्हतं! नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो म्हणतात, म्हणून सगळं घर तेवढंच बघायचं. "नाय जुळली गो!" सासूबाई एक दिवस म्हणाल्या. नागीण सुकली आणि आम्ही निर्धास्त झालो. पंचविशीतल्या पोरीला ती झालीच का, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं पेणच्या डॉक्टरीणबाईंनी. ताप हटेना म्हणून शेवटी मीच तिला तिकडे नेलं होतं. काय कधी सुरू झालं, जावेला सांगता येईना. मी महिन्यांसकट सगळं घडाघडा सांगितलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

एचआयव्ही निघाला. पुढे दिरांनाही निघाला. त्यावरची औषधं तेव्हा आमच्यासारख्यांच्या हाती लागणारी नव्हती.

निकाल घेऊन परतताना एसटीत ती म्हणाली, "ताई, मला वाटायचं, तुमचं ध्यान हाय माझ्यावर. तुमी काय बोलत नाय, म्हंजे काय नसंल."

ध्यान होतंच. एक दिवस चुकलं नव्हतं.