वॉशिंग मशीनवरचे देव

धारेच्या बाबतीत आमच्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस ठाण्याच्या खाडीच्या या बाजूला दुसरा नाही, आणि पलीकडे कोणी असलाच तर तो अजून त्यांना भेटलेला नाही, नाहीतर दोघेही घरी परतले नसते. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे जन्मभर कागद सरकवून साडू निवृत्त झाले आणि तळवलीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली, सुतारकाम मांडून बसले. सुतारकाम हा शब्द मी सौजन्याने वापरतो. तिथे लाकूड कमी आणि पोलाद जास्त होतं, कारण लाकडाला हात लावण्याआधी साडूंना पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, तयार करायची होती आणि पटाशी तयार झाली असं त्यांना कधी वाटतच नव्हतं.

याचा फटका देवांना बसला. घर बांधलं तेव्हा साडूंनी ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, शब्द दिला होता की देव्हारा मी स्वतः करीन, सागवानी, एकही खिळा न मारता. तोवर तात्पुरते म्हणून देव वॉशिंग मशीनवर बसले आणि तिथेच राहिले. मशीन कपडे पिळायला लागलं की सगळी दैवतं थरथरायची, बाळकृष्ण रांगत रांगत कडेला यायचा आणि ताई पिठाच्या हातांनी धावायची. एकदा अन्नपूर्णा खरोखरच पडली आणि साबणाच्या डब्यात सापडली. तेव्हापासून ताई धुणं लावताना रामरक्षा म्हणते, असं माझी बायको सांगते.

देव्हाऱ्याचं घोडं अडलं होतं खालच्या खणापाशी. कापूर-वातींच्या त्या खणाचे कोपरे साडूंना डव्हटेलने जोडायचे होते, म्हणजे एका फळीचे शेपटीसारखे पसरट दात दुसरीच्या खाचांत घट्ट बसवायचे. त्या खाचांच्या तिरक्या कोपऱ्यांत जाड पटाशी शिरत नाही, कडेचं लाकूड चेंगरतं. म्हणून नावड्याच्या एका भंगारवाल्याकडून ते जुन्या, अरुंद, परदेशी शिक्क्याच्या गंजक्या पटाश्या आणत आणि त्यांच्या दोन्ही बाजू उतरत्या घासून कडा पात्यासारख्या बारीक करत. विजेच्या चाकावर घासताना पोलाद तापून निळं पडलं तर कामातून जातं, म्हणून ते घडोघडी पाण्यात बुडवावं लागतं, आणि हाताशी असलेलं पाणी म्हणजे बहुधा पाहुण्याचा पेला. त्या घरी चुर्र आवाज न होता मी पाणी प्यालोय असं मला आठवत नाही. एक पटाशी तर त्यांनी इतकी घासली की शेवटी ताई तिने इडली शिजली का ते बघू लागली. साडूंना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. इडलीला भोक दिसत नाही हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने दाखवत.

पण खरी दहशत होती ती धार तपासण्याची. पटाशी हातावरून फिरवली की केस साफ निघाले पाहिजेत. साडूंचे दोन्ही हात केव्हाच गुळगुळीत झाले, मग पोटऱ्या संपल्या, मग लोक सुरू झाले. गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस, केबलवाला, पत्रिका द्यायला आलेले लांबचे काका, कोणी सुटलं नाही. आमच्याकडे हळदीला मंडळी जमली की डाव्या मनगटाच्या वर सुपारीएवढं टक्कल असलेला माणूस साडूंकडे जाऊन आलाय हे लगेच ओळखू येई. साडूंच्या मुलीला बघायला आलेल्या होणाऱ्या व्याह्यांच्या दाट केसाळ हातांकडे ते इतक्या मायेने बघत बसले, की ताईने चहाआधी सगळ्या पटाश्या कपाटात कोंडल्या. मी स्वतः भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जात असे, बटणं लावून.

मग साडूंचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग पटाशी धारेच्या दगडावर वाजू लागली. हे हळूहळू वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईने गुपचूप मोबाइलवर तयार संगमरवरी देव्हारा मागवला आणि त्या घरात गुपचूप असं काही टिकत नसल्यामुळे दुपारपर्यंत साडूंना कळलं. ते रागावले नाहीत.

"पाडव्यापर्यंत थांबव त्या देव्हाऱ्यावाल्यांना," एवढंच म्हणाले. "हात हाय तवर करतो."

सकाळी गोळी घेतली की हात थोडा वेळ शांत असायचा, तेवढ्यात ते काम करत. पाडव्याला आम्ही गेलो तेव्हा साडू गच्चीवरून खाली उतरत होते आणि त्यांच्या हातात खण होता. नुसता खण. देव्हाऱ्याच्या फळ्या वर होत्या तशाच भिंतीला टेकून होत्या, आणि त्या आता उभ्या राहणार नाहीत हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. ताईने खणाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

"जोड हाताला लागतच नाय ओ," ती म्हणाली.

तिने मशीन पुसलं, त्यावर खण ठेवला आणि एकेक देव आत मांडला. मग सणाच्या दिवशी मुद्दाम धुणं लावलं. आम्ही सगळे हात जोडून उभे. मशीन गरगरलं, देव थरथरले, बाळकृष्ण रांगत रांगत कडेला आला आणि सागवानी फळीला नाक लावून थांबला. त्याच संध्याकाळी ताईने संगमरवरी देव्हाऱ्याला नको म्हणून कळवलं.

परवा गेलो तेव्हा साडू गच्चीवरच बसले होते. पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि मला त्यांच्या हातांवरचे केस दिसले, पांढरे, मऊ, नव्याने उगवलेले. इतक्या वर्षांत ते मी कधी पाहिले नव्हते. मला फार वाईट वाटलं. मी शर्टाचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात त्यांच्यापुढे ठेवला.

"लागंल रं," ते म्हणाले.

"लागू दे, साडूभाऊ."

त्यांनी फडकं उलगडलं, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. मी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने हातावर फुंकर आली आणि मी बघितलं, तर सुपारीएवढी जागा साफ होती.

"धार हाय अजून," साडू म्हणाले.

घरी जाताना मी बाही खाली केली नाही.