माझा घसा आणि बनसोडताईंचा ट्रान्समीटर

सुलभाताई बनसोड यांची आणि माझी ओळख काढ्याच्या वासात झाली, असं म्हटलं तर ताई हसतील. पण खरं तेच आहे. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती, शहरात खासगी एफएम नवं नवं आलं होतं आणि चौबे कॉलनीतली मी सकाळच्या कार्यक्रमाची निवेदिका म्हणून लागले होते. ताई आमच्या स्टेशनाच्या इंजिनिअर. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, बोलणं मोजकं. त्या बहुतेक वेळ ट्रान्समीटरपाशीच असायच्या.

लागून महिना होत नाही तोच तक्रारी आल्या. माझा आवाज म्हणे फाटतो. ‘स’ आणि ‘श’ आला की रेडिओ चिरकतो. जोडीदार निवेदकांचा आवाज खर्जातला, त्यांचं काही बिघडत नव्हतं. मग काय, अख्ख्या स्टेशनानं माझा घसा मनावर घेतला! कुणी ज्येष्ठमध आणला, कुणी हळद-दूध, रिसेप्शनवरच्या दीदींनी आल्याचा काढा. घशाच्या डॉक्टरांनाही दाखवून झालं. मी मुकाट्यानं सगळं प्यायले, कारण मॅनेजरसाहेबांनी माझ्या जागी दुसरी मुलगी घ्यायचं ठरवलं होतं. घरी बाबा निवृत्त झालेले. ती नोकरी मला हवीच होती.

एके दिवशी ताई स्टुडिओत आल्या. मी काढा कशासाठी पितेय ते त्यांनी विचारलं आणि मला बोलायला लावलं. त्यांच्या एका कानाला मिक्सरचा हेडफोन, दुसऱ्या कानाला ट्रान्झिस्टर. हेडफोनमध्ये मी स्वच्छ होते, रेडिओत फाटत होते.

असं का होतं ते ताईंना ठाऊकच होतं; फक्त माझ्याबद्दलच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. गुढ़ियारीच्या बाजारात व्यापारी गल्ल्यावर दोन रेडिओ शेजारी शेजारी लावायचे आणि जो जास्त गरजेल त्याला जाहिरात द्यायचे. म्हणून साहेबांनी ट्रान्समीटरवर स्टेशनाचा आवाज मर्यादेपलीकडे ताणायला लावला होता. असा ताणलेला आवाज रेडिओत फाटतो, बारीक सूर आधी. वर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या स्टेशनावर खरखर सांडते ती वेगळीच. ताईंनी तेव्हाही विरोध केला होता, पण कुणी ऐकलं नव्हतं.

त्या तडक साहेबांकडे गेल्या, मला सोबत घेऊन. म्हणाल्या, “साहेब, पोरीचा आवाज नाही फाटत, आपण फाडून राहिलो. तिले काहून काढता? काढायचंच असंल तर मले काढा.” आवाज त्यांनी मर्यादेत आणला आणि आता तो वाढणार नाही, हेही तोंडावर सांगितलं. साहेब कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. गुढ़ियारीतली एक जाहिरात गेली, ती परत आली नाही. मी मात्र राहिले.

पुढे एकदा अभनपूरला गेलो असताना पानठेल्यावरच्या रेडिओवर ताईंनी मला मुद्दाम शेजारचं स्टेशन ऐकवलं. त्यावर आमची खरखर नव्हती. “हे पण आपलंच काम आहे,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून मी शिकलेलं सगळ्यात मोठं ते हेच.

याच आवाजावर मी आजवर घर चालवलं, लेकरं शिकवली. लोक म्हणतात, आवाज ही देवाची देणगी. असेल बापा! पण ती माझ्याजवळ टिकली, कारण ताईंनी माझ्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावली. ताई, साठी झाली, आता शंभरीपर्यंत ठणठणीत राहा. तुमच्या प्रत्येक सत्काराचं निवेदन मीच करणार, माइक दुसऱ्या कुणाला देणार नाही.