साडूंची सांदणं

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या साडूंइतका भांडखोर माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचं आमच्या साडूंशी एकदा तरी वाजलेलं असणार. बरं, भांडण जमिनीवरून नाही, पार्किंगवरून नाही, राजकारणावरून तर नाहीच. साडू भांडतात सांदणांवरून. सांदण म्हणजे फणसाच्या रसात तांदळाच्या कण्या भिजवून, गूळ घालून वाट्यांमध्ये उकडलेला कोकणातला साधासुधा गोड पदार्थ. साडू रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली. राजापूरकडच्या गावात त्यांना आजीनं वाढवलं, आणि त्या आजीची सांदणं ओठांनी तोडावीत इतकी मऊ असायची, हे साडूंच्या लेखी त्रिकालाबाधित सत्य आहे. त्यांच्या चुलतभावांचं म्हणणं असं, की आजी देवमाणूस होती, पण तिची सांदणं दडस व्हायची, भिंतीवर मारली तर पोपडा पडावा अशी. या एका वाक्यापायी साडूंनी भावकीतल्या लग्नांना आणि एका वास्तुशांतीला जायचं नाकारलं. "आजीच्या हाताला नावं ठेवणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही, राव!" हे ते माझ्यावर डोळे वटारून सांगतात, जणू नावं मीच ठेवली आहेत.

साडू चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये आहेत. दरवर्षी मे महिन्यात ते सुट्टी टाकतात आणि पिंपळे गुरवच्या आपल्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर ताब्यात घेतात. मग त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, चहासुद्धा शेजारणीकडे करून आणावा लागतो. सोडा घालू का, असं तिनं एकदाच विचारलं होतं. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. मी आपला भाबडेपणानं म्हणालो, आंब्याच्या रसाचीही सांदणं होतात म्हणे, तर म्हणाले, "होतात ना. आजीच्या लुगड्याला चेनही लावता येते. लावायची का?" बाजारातलं मोदकपात्र त्यांना चालत नाही, कारण झाकणाचं पाणी सांदणावर ठिबकतं. म्हणून त्यांनी स्वतः ड्रॉइंग काढून भोसरीच्या एका वर्कशॉपमधून उतरत्या झाकणाचं पात्र करवून घेतलं. तिथल्या कारागिरानं विचारलं, "काका, हा कुठल्या मशिनचा पार्ट?" साडू म्हणाले, "आजीचा." त्या बिचाऱ्यानं बिलावरही तसंच लिहिलं.

पण खरी लढाई फणसाची. सांदणाला बरकाच फणस लागतो, मऊ, रसाळ, हातात घेतला तर गरा निसटून जाईल असा. आपल्याकडच्या मंडईत मिळतो तो कापा. चांगला करकरीत, पण त्याचा रस निघता निघत नाही. म्हणून साडू गावाहून रातराणी एसटीच्या डिकीत घालून बरका मागवतात, आणि तो येईपर्यंत इतका पिकतो की त्याच्या आधी त्याचा वास घरी पोचतो. एका वर्षी त्यांनी तो लिफ्टमधून वर नेला आणि तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'लिफ्टमध्ये गॅस लीक आहे.' सेक्रेटरींनी पाइपलाइनचा मुख्य कॉक बंद केला. बिल्डिंगभर अर्धकच्च्या पोळ्या तव्यावर राहिल्या, माणसं मुलाबाळांना घेऊन खाली पार्किंगमध्ये जमली. साडू खाली आले, दंडाला चीक लागलेला, हातात गरा. "तुमच्या गॅसला कधी इतका सुंदर वास आला होता का हो?" त्यांनी सेक्रेटरींना विचारलं आणि तो गरा त्यांच्यापुढे धरला. सेक्रेटरींनी नाक दाबलं. साडूंनी त्यांच्यासमोर उभ्या उभ्या तो खाल्ला, आठळी खिशात टाकली आणि वर निघून गेले. माफी मागितली नाही ती नाहीच.

एवढा हट्ट करूनही पहिलं सांदण तोंडात घातलं की साडूंचा चेहरा पडायचा. "जवळ आलंय, पण ते नाही," म्हणायचे. मग कधी गूळ बदलायचे, कधी तांदूळ. गेल्या वर्षी मात्र त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. "हेच!" एवढंच म्हणाले. पण साडूंना साक्षीदार हवा होता. आजीच्या हातचं खाल्लेली आणि चुलतभावांना गप्प बसवू शकेल अशी एकच व्यक्ती उरली होती, त्यांची आत्या. वय झालेलं, तब्येत तोळामासा. "आत्या गेली की बरोबर काय न् चूक काय हे सांगणारं कोण राहणार, राव?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. यंदा आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे आल्या, नेमक्या मे महिन्यात. साडूंनी मलाही वाकडहून मुद्दाम बोलावून घेतलं, निकालाला पंच म्हणून.

आत्यांनी सांदण नारळाच्या दुधात बुडवलं, सावकाश खाल्लं, मग दुसरं घेतलं. साडू ओट्याला टेकून, हाताची घडी घालून उभे.

"छान झालीत रे. पण माझ्या आईची अशी नसायची. आईची दडस."

"आत्या, तूसुद्धा?" साडू उसळले. "मी खाल्लीत! या तोंडानं खाल्लीत! अशीच मऊ असायची!"

"तुझी असायची, मेल्या," आत्या हसून म्हणाल्या. "घरात खाणारी तोंडं ढीगभर, रस एवढासा. आम्हाला सगळ्या कण्याच. तू बिनआईचं पोर, म्हणून तुझी वाटी ती आधी वेगळी काढायची, नुसती रसाची. आम्ही बघायचो की. कोणी बोललं नाही कधी."

मी साडूंकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. या माणसाला कोणी हरवलं नव्हतं, सोसायटीनं नाही, भावांनी नाही, आणि आत्यांनीही तसं हरवलं नव्हतंच. त्याच संध्याकाळी त्यांनी चुलतभावांना फोन लावला. "तुमचं बरोबर होतं," म्हणाले. पलीकडचे भाऊ इतके घाबरले की उलट मेव्हणीला फोन करून विचारू लागले, याची तब्येत ठीक आहे ना?

तब्येत ठणठणीत आहे. सांदणंही चालू आहेत, आता भावांकडेही डबा जातो. पण भांडण कायमचं गेलं, आणि खरं सांगतो, मला करमत नाही. परवा त्यांच्याकडे जेवताना मी मुद्दाम डिवचलं, "साडू, जरा दडस झालीत हो आज." भडकतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. त्यांनी स्वतःच्या ताटातलं सांदण बोटानं दाबून पाहिलं, आणि अलगद उचलून माझ्या ताटात ठेवलं.