वहिनीचे रेडिओ आणि अण्णाचे कान

मोबाइलवर अण्णाचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. माझा हा मोठा भाऊ कधी फोन करत नाही. गेली काही वर्षं त्याला फोनवरचं ऐकूच येत नाही. सोलापूरहून इकडे अकलूजला जो काही निरोप यायचा तो वहिनीकडूनच. मी 'हॅलो, अण्णा' म्हणत राहिले आणि तो त्याचं त्याचं बोलत राहिला, कुणी मजकूर वाचून दाखवावा तसं. "शैला, महादेवी गेली. दुपारी जेवून पडली होती, ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले. तू ये. तू काय बोलतेस ते मला कळत नाही, तेव्हा मी ठेवतो." आणि त्याने फोन ठेवला... या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. या दिवसांत वहिनीच्या आठवणीने रडू आलं तसं हसूही खूप आलं. हसूच जास्त आलं म्हणायला हवं. मातीच्या दिवशीसुद्धा आम्ही बायका आतल्या खोलीत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या काकूंनी चटणीतल्या स्क्रूची गोष्ट काढली आणि सगळ्याजणी डोळ्याला पदर लावून हसल्या.

ती गोष्ट पुढे येईलच. आधी वहिनी कोण ते सांगायला हवं. महादेवीवहिनी अक्कलकोटच्या पलीकडच्या, सीमेलगतच्या एका खेड्यातली. माहेरी सगळा कारभार कानडीत. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या घरी ती सून म्हणून आली तेव्हा मी कॉलेजात होते. मराठी ती भराभर शिकली, पण कुठला शब्द 'तो' आणि कुठला 'ती' हे काही तिला शेवटपर्यंत मानवलं नाही. मी पुढे जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे ते माझ्या कानाला टोचायचं. ती "रेडिओ रुसली" म्हणाली की मी दुरुस्त करायची, "वहिनी, रेडिओ तो असतो." एकदा तिने मला सरळ विचारलं, "बोलते ना? मग ती. टीव्ही तो. नुसता तोंड दाखवतो." त्यानंतर मी तो नाद सोडला.

रेडिओच्या नादाला ती लागली पन्नाशी ओलांडल्यावर, आणि ते एका उंदरामुळे. त्यांची मुलगी गौरी लग्न होऊन पुण्याला गेली होती, अण्णा दिवसभर चादरींच्या दुकानात, आणि घरात वहिनी एकटी. सोप्यात जुना, सरकत्या दारांचा काळा-पांढरा टीव्ही होता. तो बंद पडून जमाना झाला होता आणि त्याचा उपयोग नवा टीव्ही ठेवायला टेबल म्हणून व्हायचा. त्यातून खुडबुड ऐकू यायला लागली. शिलाई मशीनचा छोटा पेचकस घेऊन वहिनीने मागचं झाकण उघडलं. आत कापूस, कागद आणि दुकानातल्या चादरींच्या दशा यांचं मऊ बिऱ्हाड थाटलेलं होतं. ते तिने काढून टाकलं, पण झाकण काही परत लावलं नाही. मी सुट्टीत गेले तर हाताला धरून मला ओढतच घेऊन गेली. "नोडू, नोडू... बघ तरी, आत आख्खं गाव हाय की शैला. टाक्या हायत, घरं हायत, गल्ल्या हायत. आणि आपण वरनं नुसतं पुसत होतो."

उंदराने कुरतडलेल्या वायरी तिने अंदाजाने जोडल्या आणि बटण दाबलं. मोठा आवाज झाला, घरातली वीज गेली आणि अण्णा तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. तो म्हणाला, "उद्यापासून या डब्याला हात लावायचा नाही." वहिनीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने हात न लावता, रिक्षावाल्याकडून उचलवून, तो डबा विजापूर वेशीजवळ रशीदभाईंकडे नेला. रशीदभाई जुने रेडिओ-टीव्हीवाले. दुकानाच्या पुढच्या भागात त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकायचा आणि मागे पडद्याआड रशीदभाई त्यांच्या जुन्या पसाऱ्यात बसायचे. त्यांनी टीव्ही पाहिला आणि मान हलवली. "ये तो गया भाभी. रेडिओ पकडो. रेडिओ मरता नै." मग त्यांनीच तिला एक बंद ट्रान्झिस्टर दिला आणि ती तो उघडायला लागली तर म्हणाले, "पैले हात नक्को. पैले नाक. जला सो पुर्जा वास से बोलता." घरात ज्वारी किडली की डबा उघडायच्या आधी ओळखणारी बाई ती, तिला हे लगेच पटलं. दुसरी गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली: चालू डब्यात एकच हात घालायचा, दुसरा लांब ठेवायचा, म्हणजे धक्का बसलाच तरी तो छातीतून जात नाही. बाकीच्या बायका कामाला लागताना पदर खोचतात, वहिनी डावा हात पदरात गुंडाळून कमरेला खोचायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, हिचा हात मोडलाय.

हळूहळू स्वयंपाकाच्या ओट्याचं एक टोक तिने काबीज केलं. एका बाजूला तवा, दुसऱ्या बाजूला सोल्डर गन. भाकरीला सोल्डरच्या राळेचा वास येतो अशी अण्णाची रोजची तक्रार. आणि एकदा शेंगांच्या चटणीत त्याच्या दाताखाली कटकन काहीतरी आलं. त्याने ते बोटांत धरून तिच्यापुढे केलं. छोटा पितळी स्क्रू होता. वहिनीच्या चेहऱ्यावर शरमेचं नाव नाही. "कुटं होता? कालधरनं शोधतेय मी," म्हणून तिने तो धुऊन घेतला आणि ताट तसंच टाकून रेडिओला लावून आली. तिचं सगळंच जमायचं असंही नाही. काही रेडिओ तिच्या हातून कायमचे मुके झाले. एका नातेवाइकांच्या रेकॉर्ड प्लेअरची तबकडी तिने अशी बसवली की गाणारा जेवल्याबरोबर गायला बसल्यासारखा वाटायचा. त्यांनी तक्रार केली तर म्हणाली, "निवांत ऐका की. घाई कसली?"

तिच्याबरोबर मी एकदा सांगोल्याला गेले होते. तिथल्या एका वस्तीवर व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. डाळिंबाच्या बागेच्या कडेला घर, आणि पडवीत तो रेडिओ. त्याच्या एका पायाला शेळीचं करडू बांधलेलं. घरच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "हाय की, पर बोलत न्हाय. सासऱ्यानं आणल्याला. आता करडू बांधाया बरा म्हून ठेवलाय." वहिनीने गुडघे टेकून मागच्या जाळीला नाक लावलं, आणि करडू तिच्या कानाला. बराच वेळ वास घेऊन ती उठली आणि पिशवीतून दोन नव्या चादरी काढून बाईंच्या हातात दिल्या. बाई हरखल्या. अण्णाच्या दुकानातल्या चादरी अशा जिल्हाभर कुठे कुठे पांघरल्या जात होत्या देव जाणे. येताना एसटीत कंडक्टरने रेडिओकडे पाहून विचारलं, "याचं तिकीट?" वहिनीने ते धूड मांडीवर ओढून घेतलं. "मांडीवरच्या लेकराला तिकीट असतंय व्हय?" कंडक्टर हसून पुढे गेला. तो रेडिओ तिने दिवाळीपर्यंत बोलता केला. पहिला आवाज आला. व्हॉल्व्हच्या तांबूस उजेडापुढे ती नुसती बसून राहिली, हात अजून पदरात खोचलेला...

या काळात अण्णाचे कान जात होते. आधी गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कळेना, मग फोन, मग घरातलं. दुकान त्याने चुलतभावाकडे सोपवलं आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागला. कानाचं मशीन आणलं तर ते शिट्ट्या मारायचं. भांडं पडलं तरी डोक्यात घण बसल्यासारखं वाटतं म्हणून त्याने ते कपाटात टाकलं. मग आम्ही सगळे त्याच्याशी ओरडून बोलायला लागलो. ओरडून माणूस कितीसं बोलणार? 'जेवलास का', 'औषध घेतलंस का', एवढंच. आपल्यावर सगळे खेकसतात असं त्याला वाटायचं आणि तोही खेकसायचा. शेवटी वहिनी खुणांवर आली. ताट ठेवायचं, बोट दाखवायचं. एकदा फोनवर मला म्हणाली, "शैला, या घरात मी बोललेलं भिंती ऐकतात. त्यांनापण कंटाळा आला असंल." ती हसण्यावारी नेत होती, पण मला रात्री झोप लागली नाही. दोघांची उभी हयात गप्पांत गेलेली. सकाळच्या चहाला सुरू झालेलं भांडण दुपारच्या जेवणापर्यंत पुरवणारी ती माणसं.

मग तो टेपरेकॉर्डर आला. गल्लीतल्या कुणीतरी दुरुस्तीला दिलेला, वेगळा माइक असलेला जुना डबा. रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवलं की माइकमधलं बोलणं हेडफोनमध्ये मोठं होऊन येतं, असली त्याची रचना. वहिनीला माइक तपासायचा होता आणि हेडफोनची वायर जेमतेम खिडकीपर्यंत पोचत होती. तिने मुकाट्याने हेडफोन अण्णाच्या डोक्यावर चढवला. खरं तर माइकजवळ राहिला तर तो शीळ घालतो, म्हणून नुसता लांब ठेवायला. अण्णाने हरकत घेतली नाही, त्याला वाटलं टोपीच घालतेय. ओट्याशी येऊन तिने माइकमध्ये तोंडाला येईल ते म्हटलं, "हॅलो, हॅलो. चहा घेणार का?"

खिडकीकडे तोंड करून बसलेला अण्णा म्हणाला, "अर्धा कप."

हे मला तिने कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी इथे थांबायची. "मग मला काय बोलावं तेच सुचेना की शैला. एवढं साठलं होतं, आणि एक शब्द येईना." शेवटी काय बोललीस, असं मी विचारायची. ती म्हणायची, "काय बोलणार? म्हटलं, तुमचा सदरा उलटा हाय." अण्णाने खाली पाहिलं. सदरा खरंच उलटा होता, सकाळपासून. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळ्यांवर हात ठेवला... वहिनीने चहा आणून दिला तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "आणखी बोल."

टेपरेकॉर्डरच्या मालकाला त्याच्या बदल्यात काय मिळालं ते सांगायला नको. त्याच्या घरी पाहुण्यांना पांघरुणं कमी पडत नाहीत. वहिनीने लांब वायर जोडली, माइक मसाल्याच्या फळीजवळ खिळ्याला टांगला आणि तिचं केंद्र सुरू झालं. "नमस्कार. स्वयंपाकघरातून महादेवी बोलते. आज वांगी हायत. गौरीचा फोन आला होती. समोरच्यांनी नवी गाडी घेतला." अण्णाला ते सगळे चुकलेले 'तो' आणि 'ती' पुन्हा ऐकू यायला लागले. भांडणंही परत सुरू झाली. तिचं बोलणं फार झालं की अण्णा हेडफोन काढून मांडीवर ठेवायचा, मग ती स्वयंपाकघरातून वायर हिसकायची. गौरीने पुण्याहून नवं, चांगलं मशीन आणून दिलं. ते शिट्ट्या मारत नव्हतं. बाहेर जाताना, लग्नाकार्यात तो ते घालायचा. घरी आल्यावर काढायचा आणि हेडफोन चढवायचा. गौरी एकदा वैतागून म्हणाली, "अहो बाबा, यात जास्त चांगलं ऐकू येतं." तो म्हणाला, "त्यात सगळं जग ऐकू येतं गं. यात फक्त ती."

ती गेल्यावर गौरी त्याला पुण्याला न्यायला बघत होती. तो गेला नाही. चुलतभावाचं कुटुंब खालीच राहतं, स्वयंपाकाला एक बाई येतात, आणि मी रविवारी एसटीने जाऊन येते. लोक येऊन आपापले रेडिओ घेऊन गेले. कुणाचा झालेला, कुणाचा अर्धा उघडा. अण्णाने एकेक नीट बांधून दिला.

गेल्या रविवारी सकाळी पोचले तेव्हा बाई भाकऱ्या थापत होत्या आणि अण्णा खिडकीपाशी हेडफोन लावून बसला होता. मला वाटलं, सवयीने लावला असेल. पण डब्याचा लाल दिवा चालू होता. मी खुणेने विचारलं, काय ऐकतोस? तो म्हणाला, "स्वयंपाकघर. भाकरी थापलेली ऐकू येते. नळ ऐकू येतो. मघाशी कुकर झाला." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

बाई गेल्यावर मी चहा टाकला. माइक समोरच टांगलेला होता. त्यात बोलावं की नाही, कितीतरी वेळ कळेना. ती जागा तिची. तिच्यासारखं 'नमस्कार' म्हणायला जीभ वळेना आणि दुसरं काही सुचेना. शेवटी माइक हातात घेतला आणि जुन्या सवयीने जोरात म्हटलं, "अण्णा, चहा झाला."

तो दचकला. एक कान मोकळा करून त्याने माझ्याकडे पाहिलं. "ओरडू नकोस," तो म्हणाला, "ऐकू येतंय मला." मग हेडफोन पुन्हा नीट बसवला, खुर्ची जरा स्वयंपाकघराकडे वळवली आणि म्हणाला, "हं. अकलूज काय म्हणतंय?"

मी स्टूल ओढलं. कालव्याला पाणी सुटल्याचं सांगितलं, उसाच्या गाड्यांनी रस्ता कसा अडतो ते सांगितलं, नातवाने आमच्या पंख्याचं काय केलं ते सांगितलं. तो मध्येच हसायचा, मध्येच प्रश्न विचारायचा. चहा ओट्यावर गार झाला. मी तो परत गॅसवर ठेवला आणि उकळेपर्यंत बोलत राहिले.